पिकात शिरलेली मोकाट जनावरे : काय करावे व काय टाळावे

खरिपाची कापणी व मळणी आटोपली की गावातील गुरांवरची राखण सैल होते. नेमक्या याच सुमारास, मार्गशीर्ष-पौषात, रब्बीचे पीक भरात येत असते. शाळू कमरेइतका झालेला असतो, हरभरा फुलावर असतो, गव्हाला ओंबी धरू लागलेली असते. माळावरचे गवत वाळून गेल्याने हिरवा चारा दिसतो तो केवळ ओलिताच्या व रब्बीच्या रानात. अशा वेळी पाणंदीने हिंडणारी चार जनावरे एका रात्रीत जे नुकसान करतात, ते कीड-रोगाने महिनाभरात होत नाही. यापेक्षाही वाईट गोष्ट अशी की, या नुकसानीतून बांधाला बांध असलेल्या दोन घरांत वैर उत्पन्न होते, आणि ते पीक निघून गेल्यावरही शिल्लक राहते. म्हणून या प्रश्नाचा विचार शेतकऱ्याने व ग्रामसेवेतील कार्यकर्त्याने जनावर शेतात शिरण्यापूर्वीच करून ठेवणे इष्ट आहे.

शेतात शिरणारी जनावरे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार ओढाळ जनावरांचा. त्यांना धनी असतो, गोठा असतो. परंतु दावे तोडून किंवा गुराख्याची नजर चुकवून ती पिकात जातात. एकदा हिरव्या पिकाची चव लागलेली गाय त्याच वाटेने पुनःपुन्हा येते, व तिच्यामागे इतर गुरेही येऊ लागतात. दुसरा प्रकार धन्याने सोडून दिलेल्या जनावरांचा. या प्रकाराची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण केवळ धन्याला दोष देऊन तो मिटत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम कमी झाले. संकरित गायीच्या गोऱ्ह्याला शेतकामात पूर्वीपासूनच मागणी नव्हती. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. त्यामुळे थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही, आणि वैरण विकत घेऊन त्याला पोसणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही. कायद्याच्या हेतूविषयी मतभेद असू शकतील. परंतु पोसण्याची सोय झाल्याशिवाय जनावर रस्त्यावर येणे थांबत नाही, ही गोष्ट कोणासही दिसण्याजोगी आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातील मोकाट गोवंशाची संख्या ५० लक्षांहून अधिक भरली होती.

जनावर शेतात दिसल्यावर

पहिल्या प्रकारच्या जनावराशी वागताना व दुसऱ्या प्रकारच्या जनावराशी वागताना पुढील व्यवहार वेगळा होतो. पहिली कृती मात्र दोहोंबाबत सारखीच आहे. ती म्हणजे आरडाओरडा न करणे. रात्री जनावरे दिसताच काठ्या घेऊन चहूबाजूंनी धावत सुटणे हा सर्वसाधारण प्रघात आहे, आणि त्याइतकी चुकीची रीत दुसरी नाही. जनावरे खाऊन जेवढे पीक नासतात त्याच्या कितीतरी पट अधिक बिथरून पळताना तुडवितात. कुत्री अंगावर घातल्यास तर ती शेताच्या मध्यभागीच गोल फिरत राहतात.

प्रथम जनावरे कोठून आली ते खिंडार शोधावे. ज्या वाटेने ती आत आली त्याच वाटेने बाहेर जाण्याची त्यांची ओढ असते. एका माणसाने त्या खिंडाराच्या बाजूस, वाट न अडविता, उभे राहावे. दुसऱ्याने कळपाच्या मागून, थोडे आडवे चालत, हळूहळू जवळ यावे. माणूस एका ठरावीक अंतराच्या आत आला म्हणजे गुरू चालू लागते. माणूस थांबला की तेही थांबते. ते अंतर सांभाळून चालत गेल्यास सारा कळप सरीच्या ओळीने मुकाट्याने बाहेर पडतो. बहुतेक कळपांत एक जुनी गाय पुढे असते. तिचे तोंड वळविले की बाकीची वळविण्याचे श्रम पडत नाहीत. पकडावयाची असल्यास पेंढीभर कडबा किंवा थोडा भरडा दाखवून तिलाच अगोदर बांधावे.

मोकळा वळू, नुकतीच व्यालेली गाय व पिसाळल्याचा संशय असलेले जनावर यांच्याजवळ एकट्याने जाऊ नये. मान खाली घालून पायाने माती उकरणारा वळू पुढच्याच क्षणी अंगावर येतो. जनावर कारण नसता हंबरत असेल, तोंडातून सारखी लाळ गळत असेल, त्याला गिळता येत नसेल व चाल लटपटत असेल, तर घशात काही अडकले असावे अशा समजुतीने तोंडात हात घालण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. पिसाळलेल्या जनावराची लाळ हाताच्या ओरखड्यास लागली तरी माणसास धोका असतो. अशी लाळ लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखान्यात लस घ्यावी.

जनावर बाधले तर

पीक खाऊन जनावर बाधले तर त्याचा बोल शेतकऱ्यावरच येतो, मग त्याचा दोष असो वा नसो. सबब शेतात शिरलेल्या जनावराने काय खाल्ले हे पाहणे त्याच्याही हिताचे आहे.

कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल उत्पन्न करणारे द्रव्य असते. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत त्याचे प्रमाण अधिक असते आणि पाण्याचा ताण पडल्यास ते आणखी वाढते. येथे एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गुरांनी एकदा खाल्लेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून जे नवे फुटवे येतात, त्यांत हे विष विशेष असते. त्यामुळे पहिल्या खेपेस काही न झालेली गुरे पंधरवड्याने त्याच शेतात येऊन मरतात, आणि धनी म्हणतो की शेतकऱ्याने विष घातले. बाधलेले जनावर काही मिनिटांतच धापा टाकू लागते, अंग थरथरते, तोंडास फेस येतो, डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील त्वचा लालभडक दिसते, आणि ते आडवे होते. यावर शिरेतून देण्याचे औषध पशुवैद्याकडे असते; ते वेळेवर मिळाले तर जनावर वाचते. घरगुती काढे पाजण्यात वेळ दवडू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो राखणीच्या खोपीत खडूने लिहून ठेवावा.

दंव पडलेला लसूणघास अधाशीपणे खाल्ल्यास पोट फुगते. डावी कूस ढोलासारखी ताणलेली दिसते. खळ्यावरील धान्याच्या राशीत तोंड घातलेल्या जनावरास अपचन होऊन ते दुसऱ्या दिवशी मान टाकते. शेतातील खोपीत उघडी पडलेली युरियाची गोणी हेही जनावराच्या मृत्यूचे एक नेहमीचे कारण आहे. मिठाच्या ओढीने ते ती चाटते. पिकावर नुकतीच औषधफवारणी झाली असल्यास धन्यास तसे लगेच सांगावे व औषधाचा डबा पशुवैद्यास दाखवावा. लपवून ठेवल्याने जनावरही जाते व संशयही वाढतो.

पकडलेले जनावर स्वतःच्या गोठ्यात, आपल्या गुरांच्या गव्हाणीला कधीही बांधू नये. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, सांसर्गिक गर्भपात यांचा प्रादुर्भाव मोकाट जनावरांमार्फत होऊ शकतो. २०२२ साली राज्यात लम्पी चर्मरोगाची साथ पसरली, तेव्हा चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्या द्वारा तो एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो हे सर्वांच्या ध्यानी आले. म्हणून जनावर गोठ्यापासून लांब, झाडाच्या सावलीत बांधावे. त्याची बादली व दावे निराळे ठेवावे. चारापाणी मात्र द्यावेच. उपाशी ठेवणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि मुक्या जनावराने बांधावरील मालकी हक्क जाणून गुन्हा केलेला नसतो.

धनी कोण, याचा शोध

कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात तो सांगितल्यास धन्याचे नाव नोंदीवरून कळू शकते. बिल्ला नसेल तर रंग, शिंगांची ठेवण, डाग, वेसण, गळ्यातील घुंगूर किंवा म्होरकी यांचे वर्णन लिहून घ्यावे व जनावराचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून ठेवावे. बिल्ल्याची जागा फाटलेली असेल, कान ताजा चिरलेला असेल, तर बिल्ला जाणूनबुजून काढून जनावर सोडलेले असण्याचा संभव असतो. तेही नोंदवावे.

धनी शेजारचाच असेल तर त्याला बोलावून पिकात उभे करावे आणि नुकसान त्याच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. पहिल्या खेपेस एवढ्यानेच काम भागते. त्याच्या गळ्यात दोष बांधण्यापूर्वी आपल्या वईला खिंडार पडलेले किती दिवस होते, याचाही शेतकऱ्याने विचार करावा.

कोंडवाड्याचा कायदा

गुरांच्या अतिक्रमणासंबंधीचा मूळ अधिनियम १८७१ चा आहे. त्यातील ‘गुरे’ या शब्दात गायी-म्हशींप्रमाणेच घोडे, गाढवे, डुकरे, शेळ्या, मेंढ्या, उंट, इतकेच काय हत्तीसुद्धा येतात. या अधिनियमाप्रमाणे जमीन कसणारा किंवा तिचा ताबा असणारा मनुष्य, त्या जमिनीवर शिरून पिकाची खराबी करणारी गुरे पकडू शकतो. पीक विकत घेतलेल्या व्यापाऱ्यासही हा अधिकार आहे. परंतु पकडल्यापासून चोवीस तासांच्या आत ती कोंडवाड्यात पाठविली पाहिजेत. या दोन शब्दांकडे, म्हणजे ‘जमिनीवर’ व ‘चोवीस तास’ यांकडे, दुर्लक्ष झाल्याने कित्येक शेतकरी न्याय्य असूनही अडचणीत येतात. पीक खाऊन आपल्या घरी परतलेले बैल धन्याच्या दावणीवरून सोडून आणणे ही जप्ती नव्हे. भरपाई मिळेपर्यंत म्हैस आठ दिवस आपल्या दारी बांधून तिचे दूध काढणे हेही कायद्यात बसत नाही. बेकायदा पकडल्याबद्दल धनी दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो, आणि मग ज्याचे पीक गेले तोच आरोपी होतो.

दुसऱ्या बाजूने, कायदेशीरपणे पकडलेली गुरे धन्याने जबरीने सोडवून नेणे किंवा पकडताना अडथळा करणे हाही अपराध आहे. अशा प्रसंगी शेतकऱ्याने झोंबाझोंबी करू नये. पोलीस पाटलास कळवावे. गुरे पकडण्याच्या कामी साहाय्य मागितल्यास ते देणे हे पोलिसांचे कर्तव्य अधिनियमातच सांगितले आहे.

कोंडवाड्यावर गुरांची नोंद पुस्तकात झाली पाहिजे : संख्या, वर्णन, पोहोचल्याचा दिवस व वेळ, पकडणाऱ्याचे नाव व राहण्याचे ठिकाण, धनी माहीत असल्यास त्याचे नाव. या नोंदीचा उतारा शेतकऱ्याने मागून घ्यावा. पुढे वाद झाल्यास चोवीस तासांची मुदत पाळल्याचा हाच पुरावा असतो. धन्याने दंड व खावटी भरली की गुरे त्याच्या हवाली होतात. १८७१ च्या अधिनियमाप्रमाणे सात दिवसांत धनी पुढे न आल्यास जाहीर नोटीस लागते, जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटली जाते, व त्यानंतर सात दिवसांनी लिलाव होतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने कोंडवाडा बांधण्याचे व चालविण्याचे काम दिलेले आहे. ज्या गावी कोंडवाडा पंचायतीचा आहे तेथील मुदती व दर पंचायतीच्या नियमाने चालतात. ते दर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, ज्याला गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, कचेरीच्या फळ्यावर ठळक लिहून लावावेत.

कोंडवाड्याचा दंड शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. हा गैरसमज फार जुना आहे आणि पुष्कळ रागाचे मूळ त्यात आहे. पिकाची भरपाई हवी असल्यास दिवाणी न्यायालयात दावा करण्याचा शेतकऱ्याचा हक्क १८७१ च्या अधिनियमाने अबाधित ठेवला आहे. परंतु पाच-दहा गुंठ्यांच्या हरभऱ्यासाठी न्यायालयाची पायरी चढणे व्यवहार्य नसते. गावातील तंटामुक्त समितीपुढे प्रकरण नेणे त्यापेक्षा बरे. ही मोहीम राज्यात २००७ साली सुरू झाली आणि बांधावरील असे तंटे गावातच मिटावेत हाच तिचा उद्देश होता.

पंचनामा व पिकाची सुधारणा

तडजोड असो वा दावा, नुकसानीचा अंदाज खरा असावा. जनावरे गेल्यावर त्याच दिवशी, फुटवे येण्यापूर्वी, दोन शेजारी व पोलीस पाटील यांच्यासमक्ष पाहणी करावी. संपूर्ण शेत गेले असे लिहू नये. समजा, वीस गुंठे हरभऱ्यात जनावरे फिरली आहेत. पाच निरनिराळ्या ठिकाणी दहा-दहा पावले ओळ मोजावी. त्या ओळीत एकूण झाडे किती, खाल्लेली किती, मुळासकट उपटलेली किती हे लिहावे. या पाच मोजण्यांच्या सरासरीवरून निघालेला आकडा समितीपुढे टिकतो. रागाच्या भरात सांगितलेला आकडा तेथे टिकत नाही.

हानी पिकाच्या वयावर अवलंबून असते. हरभऱ्याचे शेंडे फुले येण्यापूर्वी खाल्ले गेले तर फांद्या अधिक फुटतात, व उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. शेतकरी स्वतःच शेंडे खुडतात ते याचसाठी. घाटे भरल्यावर मात्र खाल्लेले झाड परत येत नाही. कोवळ्या उसाचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो; पाने गेली तरी तो पुन्हा वर येतो, फक्त मोठी बांधणी लांबते. तुरीचे लहान रोप फांद्या फोडून सावरते. कांद्याची पात खाल्ली गेली तर गाठ लहान राहते. केळीचा पोंगा मोडला तर त्या झाडाची आशा न धरता शेजारचे पिल राखावे.

सर्वांत दुर्लक्षित हानी तुडविण्याची आहे. ओल्या काळ्या जमिनीत खुरांनी दाबलेली माती वाळून विटेसारखी होते. अशा शेतात लगेच पाणी देण्याची घाई करू नये. वाफसा आल्यावर कोळपणी करून माती मोकळी करावी; मग हलके पाणी व, पीक लहान असल्यास, थोडा नत्राचा हप्ता द्यावा. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांच्या आत नुकसान झाले असल्यास नांग्या भराव्यात. त्यानंतर भरलेले रोप मोठ्या रोपांच्या सावलीत दबून जाते आणि बियाणे वाया जाते.

जे कदापि करू नये

विषारी दाणा ठेवणे, गुळात औषध कालवून बांधावर टाकणे, कोयत्याने घाव घालणे हे प्रकार रागाच्या भरात घडतात. जनावरास मारणे, विष घालणे किंवा लुळे करणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३, हिच्या कलम ३२५ अन्वये अपराध असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे घरातील किंवा पंपाच्या जोडणीतील वीज तारेच्या कुंपणात सोडणे. अशा कुंपणाला चिकटून पहाटे पाण्याची पाळी धरण्यास निघालेला शेजारी, परसाकडे निघालेले मूल, किंवा तार लावणारा शेतकरी स्वतः मरण पावतो. बाजारात मिळणारे सौर कुंपण यंत्र याहून सर्वस्वी वेगळे आहे. त्यातील झटका क्षणमात्र असतो व थांबून थांबून येतो. त्याने जनावर हटते, मरत नाही. प्रमाणित यंत्रच घ्यावे, तारेला लागणारे गवत कापत राहावे व कुंपणावर धोक्याची पाटी टांगावी.

आपल्या शिवारातील गुरे रातोरात शेजारच्या गावच्या शिवेवर हाकून देणे हाही उपाय नव्हे. दुसऱ्या रात्री तीच गुरे, आणि बहुधा त्या गावची आणखी दोन, परत येतात.

वई, चर व गावकी

बाभळीच्या फांद्यांचे कुंपण स्वस्त खरे. पण ते दर वर्षी वाळते, वाळवी लागते आणि चुलीकडे जाते. जिवंत वईला दोन-तीन वर्षे लागतात. नंतर मात्र ती पिढीभर राहते. सागरगोटा, करवंद, शिकेकाई, चिलार, विलायती चिंच ही काटेरी झाडे व घायपात यांची दाट वई गुरे ओलांडत नाहीत. मोगली एरंडास काटे नसले तरी गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. त्याच्या बिया विषारी असल्याने मुलांना मात्र जपावे. गिरिपुष्पाचे खुंट लवकर वाढतात, परंतु त्याचा पाला शेळ्या-गुरे आवडीने खातात. एकट्या गिरिपुष्पाच्या वईवर भिस्त ठेवू नये. वई पावसाच्या आरंभी दोन ओळींत, एकाआड एक अशी लावावी आणि पहिली दोन वर्षे तिलाच कुंपण करावे लागते हे विसरू नये. माळाकडील बाजूस चर खणून त्याची माती शेताकडे टाकल्यास उंच वरंबा मिळतो आणि घायपात त्यावर चांगले जगते.

ओढाळ गुराच्या धन्यास त्याच्या गळ्यात लोढणे अडकविण्याचा जुना उपाय सांगता येईल. लोढणे हलके व गुळगुळीत असावे आणि गुडघ्यास मार लागून जखम होत नाही हे रोज पाहावे.

तथापि एकट्याच्या वईने जे साधत नाही ते गावाच्या ठरावाने साधते. कोकणात भाताची कापणी झाली की गुरे मोकळी सोडण्याची जुनी चाल आहे. सारी खाचरे पडीक असत तोपर्यंत तिचा कोणास त्रास नव्हता. आता एखाद्याने विहिरीच्या पाण्यावर कुळीथ, वाल, भुईमूग किंवा कलिंगड करावयाचे म्हटले तर साऱ्या गावच्या गुरांविरुद्ध त्याला एकट्याने कुंपण घालावे लागते, आणि तो खर्च पिकातून निघत नाही. म्हणून जमीन व पाणी असूनही दुसरे पीक होत नाही. अशा गावी, दुबार पीक घेऊ इच्छिणाऱ्यांनी विखुरलेली खाचरे न निवडता एकमेकांस लागून असलेली निवडावीत. दहाजणांच्या सलग जमिनीला एकच कुंपण पुरते आणि राखणही आळीपाळीने करता येते. उरलेल्या भागात गुरे मोकळी राहिली तरी चालते, त्यामुळे गुरेवाल्यांचा विरोधही मावळतो.

देशावर राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी पाळली. १९९२ पासून राबविल्या गेलेल्या आदर्श गाव योजनेतही ती एक अट होती. तेथे बंदी टिकली ती बंदीबरोबर चाऱ्याची सोय झाली म्हणून. राखलेल्या डोंगरावर गवत वाढले, ते कापून गोठ्यात आणावयाचे, अशी व्यवस्था लागली. ज्या गावी आधी बंदीचा ठराव होतो आणि चाऱ्याचा विचार मागाहून, तेथे भूमिहीन शेळीपालकाचे हाल होतात व ठराव कागदावर राहतो.

ग्रामसभेने हा विषय आश्विनात, रब्बीच्या पेरणीबरोबरच, घ्यावा. गावात थकलेली व निकामी जनावरे किती, ती कोणाच्या दारी आहेत, वैरण कोणास कमी पडेल, याची यादी त्या वेळी करता येते. ज्यास पोसणे अशक्य आहे त्याने जनावर सोडून न देता आधीच सांगावे, म्हणजे जवळच्या नोंदणीकृत गोशाळेशी बोलणे करता येते. गुराखी साऱ्या गावाचा मिळून ठेवावा व त्याचा मेहनताना गुरामागे ठरवावा. कोंडवाड्याचे दार, कडी, पाण्याची टाकी व छप्पर यांची दुरुस्ती याच महिन्यात व्हावी. पौषात मध्यरात्री पकडलेली गुरे घेऊन शेतकरी कोंडवाड्यावर येतो, तेव्हा कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे त्याला माहीत असले पाहिजे. ते नाव व दूरध्वनी क्रमांक दाराच्या बाहेरच्या बाजूस रंगाने लिहावा.